गणपतीच्या सुट्टीत सर्व्हरला हात लावू का?

पत्र थोडक्यात असं. लिहिणारे गृहस्थ सिंधुदुर्गातल्या एका पतसंस्थेत ‘कॉम्प्युटरचं सगळं’ बघतात. सहा शाखा, मुख्य कार्यालयात एक सर्व्हर आणि त्याच्या कटकटी निस्तरणारे हे एकटे. सर्व्हरवर एसक्यूएल सर्व्हर २०१९, म्हणजे खात्यांचा सगळा डेटा सांभाळणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर, आहे. त्यावर अडीच वर्षांत एकही अपडेट टाकलेलं नाही. आता संस्थेचं सॉफ्टवेअर पुरवणारी कोल्हापूरची कंपनी म्हणते की शेवटचं क्युम्युलेटिव्ह अपडेट, म्हणजे सीयू ३२, टाकल्याशिवाय आमची नवी आवृत्ती बसणार नाही. ती दिवाळीआधी बसवायची आहे. व्यवस्थापकांचं म्हणणं, ‘चलता हा मां? मगे हात कित्याक लावतंस?’ संचालक मंडळाने तोडगा काढला आहे की गणपतीत शाखा बंदच असतात, तेव्हा उरकून टाका. यांच्या घरी पाच दिवसांचा गणपती, आणि हे घरातले थोरले. पत्नीने अबोला धरला आहे. ते विचारतात, ‘बॅकअप रोज होतो, त्यामुळे तशी काळजी नाही. पण काही बिघडलं तर खापर माझ्यावरच फुटणार. सुट्टीत करू, की सरळ नाहीच म्हणू?’

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्याशी अडले. ‘बॅकअप रोज होतो, त्यामुळे तशी काळजी नाही.’ गणपती, व्यवस्थापक, कोल्हापूरवाले यांच्याकडे नंतर वळू. आधी मला सांगा, तो बॅकअप तुम्ही शेवटचा उघडून कधी पाहिलात? फाइल फोल्डरमध्ये दिसते, हे मला नको. त्या फाइलमधून अख्खा डेटाबेस दुसऱ्या मशीनवर उभा करून, त्यात एखाद्या खातेदाराची कालची शिल्लक कधी पाहिली आहे का?

हे विचारते, कारण मीही एकेकाळी अशीच निर्धास्त होते. एका कारखान्याचं काम बघायचे. रोज पहाटे बॅकअपची फाइल पडायची, तिच्यावर त्या दिवसाची तारीख असायची, लॉगमध्ये ‘यशस्वी’ लिहिलेलं असायचं. नोव्हेंबरात गरज पडली तेव्हा कळलं की एप्रिलमध्ये नव्या वर्षासाठी नव्या नावाचा डेटाबेस तयार झाला होता आणि आमचा बॅकअप इमानेइतबारे जुन्याचाच निघत होता. फाइलची तारीख रोज ताजी, आत माल मार्चचा. सात महिने फाइलचा आकार एका किलोबाइटने वाढला नव्हता आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यानंतरचे चार दिवस आम्ही कागदांवरून नोंदी चढवत होतो. त्या दिवसांत माझ्याशी कोणी धड बोललं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मोठ्यांचंही होतं हे. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीतल्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा, थकलेल्या अवस्थेत, चुकीच्या सर्व्हरवरची डेटाबेसची फोल्डर पुसली. बॅकअपच्या एकाहून अधिक तऱ्हा त्यांच्याकडे होत्या. ऐनवेळी त्यातली एकही कामाची निघाली नाही. कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी एक प्रत काढून ठेवली होती, तिच्यावर निभावलं. कंपनीने हे सगळं जाहीरपणे लिहून टाकलं, हा त्यांचा मोठेपणा.

तेव्हा तुमच्या तयारीचं पहिलं काम अपडेट उतरवणं हे नव्हेच. कार्यालयात एखादा बरा डेस्कटॉप रिकामा असेल, नसेल तर पंधरा दिवसांसाठी कोणाचा तरी मागून घ्या. त्यावर एसक्यूएल सर्व्हर २०१९ ची डेव्हलपर आवृत्ती टाका. चाचणीसाठी ती फुकट मिळते. कालच्या रात्रीचा बॅकअप तिथे रिस्टोअर करा आणि घड्याळ लावून बसा. किती वेळ लागला तो मिनिटांत लिहून ठेवा, पुढे सगळं त्या आकड्यावर चालणार आहे. ‘व्हेरिफाय ओन्ली’ची आज्ञा देऊन समाधान मानू नका. ती फाइल वाचता येते एवढंच सांगते, आतला डेटा धड आहे का हे सांगत नाही. रिस्टोअर झाल्यावर डेटाबेस आतून तपासणारी ‘चेकडीबी’ची आज्ञा चालवा. मग एखाद्या शाखेच्या अधिकाऱ्याला शेजारी बसवून एका दिवसाची किर्द काढा आणि छापलेल्या किर्दीशी ताडून बघा. जुळली तर म्हणा बॅकअप आहे. आणि हो, त्या डेस्कटॉपवर आता खातेदारांचा खरा डेटा आहे. तो कुलपात ठेवा, काम झाल्यावर पुसा.

मास्टर आणि एमएसडीबी हे सिस्टिमचे डेटाबेसही बॅकअपमध्ये आहेत का, ते बघा. लॉगिन आणि रात्री आपोआप चालणारी कामं त्यांत असतात. बहुतेकांना ते रिस्टोअरच्या रात्रीच आठवतात.

तालीम इथे संपत नाही. त्याच डेस्कटॉपवर सीयू ३२ टाकून बघा. मधले एकतीस क्रमाने टाकावे लागत नाहीत. नावाप्रमाणे हे अपडेट आधीच्या सगळ्यांना पोटात घेऊन येतं. तुम्ही पत्रात याला ‘सर्व्हिस पॅक’ म्हटलं आहे, आणि संचालकांना ते गाडीच्या सर्व्हिसिंगसारखं वाटत असणार. एसक्यूएल सर्व्हरसाठी सर्व्हिस पॅकची पद्धत २०१७ च्या आवृत्तीपासून बंद झाली. कोल्हापूरवाल्यांशी बोलताना सीयू आणि त्याचा नेमका आकडा बोला, नाहीतर दोघं दोन वेगळ्या फायलींबद्दल बोलत राहाल. सध्या सर्व्हरवर काय आहे ते व्हर्जन विचारणाऱ्या एका ओळीच्या क्वेरीने कळतं. तो बिल्ड नंबर आधी लिहून ठेवा.

आता गणपती.

मंडळाचा हिशोब वरवर सरळ आहे. शाखा बंद, खातेदार नाहीत, मग कोणाला त्रास नाही. पण शाखा ज्या कारणाने बंद आहेत त्याच कारणाने बाकी सगळंही बंद असतं, हे त्यांच्या ध्यानात आलेलं नाही. कोल्हापूरच्या कंपनीतही गणपती असतोच. तुमचा फोन उचलणारा जो कोणी असेल तो आठवड्यापूर्वी नोकरीला लागलेला मुलगा असेल. पॉवर सप्लाय उडाला तर सिंधुदुर्गात त्या दिवशी कोणतं दुकान उघडं आहे? कोल्हापुरातून मागवलात तर तो करूळ नाहीतर फोंडा घाटाने येणार, आणि घाटात दरड आली नसेल तर चाकरमान्यांच्या गाड्या असणार. पावसाचे दिवस, लाइट कधी जाईल याचा नेम नाही. आणि तुम्ही? आरतीच्या वेळी तुमचा जीव सर्व्हरपाशी, सर्व्हरपाशी असाल तेव्हा घरी. अशा माणसाच्या हातून चुकीच्या खिडकीत चुकीची आज्ञा जाते. बंद असलेला दिवस आणि सुरक्षित दिवस यांत फरक आहे. तुम्हाला असा दिवस हवा की ज्याच्या दुसऱ्या दिवशी माणसं कामावर असतील. तेव्हा गणपतीला घरी जा. पत्नीला आजच सांगा, कारण ही माहिती देण्यासाठी अपडेटची वाट बघायची गरज नाही.

मग व्यवस्थापक म्हणतात तसं नाहीच करायचं? त्यांची मी थट्टा करणार नाही. ‘चालतंय त्याला हात लावू नये’ हे माणूस कुठल्यातरी चटक्यातून शिकलेला असतो. अपडेटनेही घात होतो. एसक्यूएल सर्व्हर २०१९ चाच सातवा सीयू मायक्रोसॉफ्टला मागे घ्यावा लागला होता, स्नॅपशॉटच्या, म्हणजे डेटाबेसचं त्या क्षणाचं चित्र जपून ठेवण्याच्या, सोयीत दोष निघाला म्हणून. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षेच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. म्हणून नवं अपडेट आलं त्याच आठवड्यात मुख्य सर्व्हरवर टाकू नये, हे मलाही पटतं. पण सीयू ३२ फेब्रुवारी २०२५ चा आहे. त्यात काय खोड आहे ते एव्हाना जगाला कळलेलं आहे, आणि ते मायक्रोसॉफ्टच्या त्या अपडेटच्या पानावर लिहिलेलं असतं. ते पान तालमीआधी संपूर्ण वाचा. कंटाळवाणं आहे, तरी वाचा.

दुसरी बाजू व्यवस्थापकांना सांगायची असेल तर न्हावाशेवाची गोष्ट सांगा. आपल्याच किनाऱ्यावरची आहे. विंडोजमधलं एक भोक बुजवणारं अपडेट १४ मार्च २०१७ ला आलं. १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस त्याच भोकातून जगभर घुसला. म्हणजे हातात जवळपास दोन महिने होते. तरी अनेकांनी ते टाकलं नाही, आणि २७ जूनला नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला. त्याने तेच भोक वापरलं आणि जोडीला मशीनमधून चोरलेले पासवर्डही. मर्स्क ही जहाजवाहतुकीची बडी कंपनी त्यात आडवी झाली आणि न्हावाशेवाच्या बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. या मर्स्कचे जगभरचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारे सर्व्हर, पुसले गेले, फक्त घानातल्या कार्यालयातला एक वाचला. का? तर त्या वेळी तिथली लाइट गेली होती! आपल्याकडे महावितरणला आपण एरवी काय काय म्हणतो. पण कुठलीही एक प्रत तारेपासून तुटलेली हवी, हे त्या कंपनीला नशिबाने मिळालं, तुम्हाला ते एका बाहेरच्या डिस्कने मिळेल.

त्या डिस्कबद्दल एवढंच की ती सर्व्हरच्या टेबलावर ठेवू नका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत भरलं तेव्हा तळमजल्यावर जे जे होतं ते गेलं. मूळ आणि प्रत एकाच कपाटात असतील तर पुराला त्यांत भेद करता येत नाही. एक डिस्क दुसऱ्या गावच्या शाखेच्या तिजोरीत जाऊ द्या, पासवर्ड घालून.

थोडक्यात, ‘नाही’ म्हणण्याला मी होकार देत नाही. तुमच्यापुढे निवड ‘कधी’ एवढीच आहे. श्रावणात तालीम करा. गणपती घरी. त्यानंतर सप्टेंबरअखेर सहामाही व्याज पडतं, त्या दिवसांत सर्व्हरच्या वाटेला कोणी जाऊ नये. व्याज पडून किर्द जुळली की ऑक्टोबरातला पहिला बरा शनिवार पकडा. बरा म्हणजे विजांचा नसलेला. परतीच्या पावसात संध्याकाळी काय कडकडाट होतो हे तुम्हाला मी काय सांगायचं. आभाळ भरून आलं तर सरळ पुढचा शनिवार, त्यात कमीपणा काही नाही. शिवाय त्याच सुमारास पितृपंधरवडा आला आणि एखादे संचालक ‘या दिवसांत नवीन काही नको’ म्हणाले, तर सांगा की हे नवीन नाही, शाकारणी आहे. कौलं तीच, फुटकी तेवढी बदलतोय.

शाकारणीचाच आणखी एक धडा इथे लागू आहे. छपराच्या दोन्ही पाखी एकदम कोणी उघडत नाही. विंडोजची अपडेट एका रात्री, सीयू दुसऱ्या आठवड्यात, आणि कोल्हापूरवाल्यांची नवी आवृत्ती त्यानंतर निदान दहा दिवसांनी. ते आग्रह करतील की ‘आलोच आहोत तर एका फेरीत उरकू’. नको. सीयू काढून टाकता येतो, इन्स्टॉल झालेल्या अपडेटच्या यादीतून. त्यांची आवृत्ती डेटाबेसमधले तक्ते बदलते, ती तशी निघत नाही. दोन्ही एकत्र केलीत आणि सोमवारी पिग्मीची वसुली जमा होईना, तर दोष कोणाचा यावरच दोन दिवस जातील.

मधल्या आठ-दहा आठवड्यांत सर्व्हर जुनाच राहणार, म्हणून दोन दारांना आजच कडी घाला. डेटाबेसचा १४३३ आणि रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हे पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची दारं, इंटरनेटवरून थेट उघडे असतील तर बंद करा. कोल्हापूरवाल्यांना दुरून सर्व्हरवर येण्यासाठी दिलेलं रिमोट काम असेल तेव्हाच चालू करा. शाखा व्हीपीएनमधून, म्हणजे कुलूपबंद खासगी जोडणीतून, येऊ देत. हे अपडेटपेक्षा सोपं आहे आणि पुष्कळदा अपडेटहून जास्त उपयोगी पडतं.

आता ती शनिवारची रात्र. अपडेटची फाइल मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आधीच उतरवलेली असू द्या, मेलमध्ये आलेल्या लिंकवरून कधीही नाही. नॉटपेट्या पसरला तोच मुळी युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सही बघून घ्या. सी ड्राइव्हवर जागा आहे का ते पाहा. चालू सर्व्हिसेसच्या यादीचा फोटो मोबाइलवर काढा.

आणि अपडेटच्या आधी सर्व्हर एकदा नुसता रीस्टार्ट करा. शक्य असेल तर आठवडाभर आधीच. याला दोन कारणं आहेत. अर्धवट राहिलेला एखादा रीस्टार्ट असेल तर सेटअप तिथेच अडतो, हे एक. दुसरं, आपल्या खाऱ्या दमट हवेत वर्षभर न थांबलेलं मशीन एकदा थांबलं की पुन्हा उठेलच याची खात्री नसते. रॅमच्या पट्ट्या, पंखे, बॅटरी, सगळ्यांना गंज धरतो. ते न उठण्याचं निमित्त अपडेट असू नये. नाहीतर व्यवस्थापक जन्मभर म्हणतील, बघ, सांगितलं होतं. यूपीएसही तेव्हाच तपासा. मेन बंद करून घड्याळाने मिनिटं मोजा, डब्यावर लिहिलेल्या मिनिटांवर विश्वास ठेवू नका. १६ मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर आपल्याकडे किती दिवस अंधार होता ते आठवा. जनरेटरमध्ये डिझेल आहे का, हा प्रश्न शनिवारी दुपारी विचारायचा असतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण याच क्षणी लोक घाबरतात. सीयू बसल्यावर सर्व्हिस चालू झालेली दिसते, पण लॉगिन होत नाही. १८४०१ नंबरची एरर येते, की सर्व्हर ‘स्क्रिप्ट अपग्रेड मोड’मध्ये आहे. काही मोडलेलं नाही. तो आतली आवराआवर करतोय. थांबा, चहा प्या. पॉवरच्या बटणाला हात लावू नका. बराच वेळ झाला तरी सुटला नाही तर एसक्यूएलचा एरर लॉग उघडा, कुठे अडलं ते तिथे लिहिलेलं असतं. सेटअपचा स्वतःचा निकाल सेटअप बूटस्ट्रॅपच्या लॉग फोल्डरमधल्या समरी फाइलमध्ये मिळतो.

मागे फिरायची वेळ आधीच ठरवा. इथे तो मिनिटांचा आकडा कामाला येतो. समजा रिस्टोअरला तीन तास लागतात आणि रविवारी संध्याकाळी सहाला सगळं तयार हवं. तर रविवारी दुपारी एकनंतर ‘अजून एक करून बघतो’ नाही. एक वाजला की परत फिरायचं, दोन तास गाठीला ठेवून. ही वेळ तुम्ही एकट्याने ठरवू नका आणि त्या वेळी एकटे असू नका. एका शाखाधिकाऱ्याला रविवारी बोलवा. त्यांनी एक भरणा, एक उचल, एका मुदत ठेवीचं व्याज, एक पिग्मी आणि पासबुकाची एक छपाई करून बघायची, मग त्या चाचणीच्या नोंदी रीतसर उलटवायच्या. पासबुक प्रिंटर विसरू नका. सगळं चालतं आणि तो तेवढा रुसतो.

खापराचं शेवटी घेतलं, कारण खरी भीती तीच आहे आणि तिला तांत्रिक उत्तर नाही. तुम्ही गृहीत धरलं आहे की निर्णय तुमचा आहे. तो नाही. सर्व्हर संस्थेचा, ठेवी खातेदारांच्या, धोका पत्करायचा की नाही हे व्यवस्थापक आणि मंडळ ठरवणार. तुमचं काम त्यांच्यापुढे तो नीट मांडायचं. एका पानावर लिहा: काय करणार, का, कधी, तालमीत काय दिसलं, मागे फिरायची वेळ कोणती, आणि न केल्यास काय. खाली व्यवस्थापकांची सही. ‘तोंडी सांगितलंय ना’ म्हणाले तर हसून म्हणा, साहेब, बिनसहीचं कर्ज आपण देतो का? सही करायला नकार दिला तर तेही मेलवर नोंदवा, भांडण न करता. त्याच पानावर सोमवारची दुसरी सोय लिहा. शनिवारी दिवसअखेर झाल्यावर प्रत्येक शाखेची शिल्लक यादी छापून ठेवायची आणि व्हाउचरची कोरी बुकं काढून ठेवायची. तुमच्या शाखांमधल्या जुन्या कारकुनांना कागदावर काउंटर चालवता येतो. त्यांना विचारा, ते खूशही होतील.

हे पान लिहायला बसलात की मंडळालाही दिसेल की सहा शाखांचा भार एका माणसावर आहे. दुसरा माणूस मागायची वेळ तीच. निदान तालमीला कोणालातरी सोबत घ्या आणि सगळे पासवर्ड सीलबंद पाकिटात तिजोरीत ठेवा. सीयू ३२ नंतरही सुरक्षा अपडेट ८ जानेवारी २०३० पर्यंत येत राहणार आहेत, आणि तेवढे सगळे गणपती तुम्हाला घरी जायचं आहे.

काम झालं की शनिवारच्या बॅकअपची डिस्क ३१ मार्चपर्यंत पुसू नका. तारीख तिच्यावर मार्करने लिहा. कागदाची चिठ्ठी चिकटवू नका, आपल्याकडे ती पहिल्याच पावसाळ्यात सुटून पडते.